उच्चशिक्षित भाचा

रविकांतनं संस्कृती अभ्यास हा विषय का घेतला, असं कुणी विचारलं तर तो आजही आधी घसा खाकरतो. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटते आणि खोटं सांगणं आता जमत नाही. परभणीच्या कॉलेजात एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला दोन विषयांतून एक निवडायचा होता, भाषाविज्ञान किंवा संस्कृती अभ्यास. भाषाविज्ञानाचा तास शनिवारी सकाळी होता, आणि रविकांतला शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं सोनपेठ गाठून पुढं गावाकडं जायचं असायचं. शनिवारी परभणीत अडकायचं म्हणजे मायच्या हातची भाकरी बुडाली. शिवाय 'संस्कृती अभ्यास' म्हणजे सणवार, जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, भारूड असं काहीतरी असणार, आणि ते तर आपल्याला न वाचताच येतं, असा त्याचा हिशेब होता. पोलीस भरतीत धावताना दोन वर्षं लागोपाठ मागं पडलेल्या माणसानं सोपी वाट धरली तर त्यात नवल नाही.

वाट सोपी नाही हे पहिल्याच तासाला कळलं. शिकवायला धम्मानंद सोनकांबळे सर होते. हळू बोलायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळं मागच्या बाकावरच्यांनाही गप्प बसून ऐकावं लागायचं. त्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली नाही. वर्गाकडं नुसतं पाहत राहिले आणि मग म्हणाले, "मुली डावीकडं, मुलं उजवीकडं. असं बसा म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"कुणीच न्हाई, सर," रविकांत म्हणाला. "साहजिकच बसलो."

"साहजिक. हा शब्द लिहून घ्या," सर म्हणाले. "वर्षभर आपल्याला एवढंच करायचंय. जिथं काही साहजिक वाटेल तिथं थांबायचं आणि विचारायचं, की हे कुणाच्या सोयीचं आहे?"

रविकांतनं शब्द लिहून घेतला, त्याखाली ठळक रेघ ओढली आणि तो विसरून गेला. कारण पुढच्या आठवड्यापासून त्याहून भारी शब्द यायला लागले. वर्चस्व, संहिता, चिन्हक, चिन्हित, अपरत्व, प्रतीकात्मक सत्ता, सांस्कृतिक भांडवल. सरांनी दिलेल्या झेरॉक्स पानांवरचं एकेक वाक्य असं लांब, की सुरुवातीला त्यात शिरलेला माणूस क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर आपण कशासाठी निघालो होतो तेच विसरायचा. रविकांतनं एक परिच्छेद वाचला, परत वाचला, मग मोठ्यानं वाचला. खोलीतला जोडीदार म्हणाला, "मंत्र म्हणायलास का काय?"

शेवटी त्यानं भरतीच्या वेळी सामान्य ज्ञानाचं जे केलं होतं तेच केलं. पाठ करून टाकलं. अर्थ काय, येईल मागाहून.

अर्थ आला नाही, पण शब्द तोंडात बसले. आणि तोंडात बसलेले शब्द बाहेर यायला बघतात. एसटीत पुढच्या बाजूला आमदारांसाठी राखीव जागेची पाटी असते. एकदा गाडीत त्या जागेजवळ एक म्हातारबा पोतं घेऊन उभा होता. रविकांतनं त्याला विचारलं, "बाबा, ह्या जागेवर कधी आमदार बसलेला बघितलाय का तुमी?"

"न्हाई बा."

"तरी पाटी हायच. म्हणजे बघा, ही अनुपस्थित सत्तेची उपस्थिती हाय. ही गाडी म्हणजे एक संहिताच हाय."

म्हातारबानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते खरं असंल. पर मी हितं बसू का नगं, तेवढं सांगा."

संहितेत तेवढं दिलेलं नव्हतं.

इथपर्यंत गंमतच होती. पण दसरा झाला आणि राणीचा साखरपुडा ठरला. राणी म्हणजे बन्सीधर मामाची मुलगी. रविकांतचे आईवडील, झुंबरबाई आणि दत्तराव, दरवर्षी ऊसतोडीला जायचे. तोडीच्या गाड्या निघायच्या आत कार्य उरकून घ्यावं, म्हणजे बहिणीला हजर राहता येईल, असा मामाचा विचार होता. मामा मनानं मोकळा, बोलण्यात दणकट आणि मानपानाच्या बाबतीत फारच हळवा. गावातल्या कुठल्याही कार्यात आपलं नाव कितव्या नंबरावर पुकारलं हे त्याला पुढची पाच वर्षं आठवायचं.

मांडव भरलेला होता. जेवणाच्या आधी आहेर सुरू झाला. माइकवरून नाव पुकारायचं, पाहुण्यानं पुढं यायचं, मग त्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. पोरीचे चुलते झाले, पोराचे मामे झाले, गावचे मानकरी झाले. मग मामानं स्वतः माइक हातात घेतला. "आमचे भाचे, परभणीला लय मोठं शिक्षण घेणारे, रविकांत दत्तराव!"

रविकांत उठला. त्याच आठवड्यात प्रतीकात्मक सत्तेवरचं प्रकरण झालं होतं. मामानं टोपी पुढं केली, तेव्हा त्यानं ती हातानं थांबवली आणि माइक मागून घेतला. आता आठवलं तरी त्याच्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

"मला हा आहेर स्वीकारता येणार नाही," तो पुस्तकी मराठीत म्हणाला. "टॉवेल-टोपी ही प्रथा प्रतीकात्मक सत्तेचं पुनरुत्पादन करणारी, आणि सामाजिक श्रेणींना वैधता प्रदान करणाऱ्या ज्या विधींच्या माध्यमातून..."

वाक्य तिथंच अडकलं. पुढचं पाठ नव्हतं. स्पीकर तेवढा हूं हूं करत राहिला.

"काय म्हणायलाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"टोपी नगं म्हणायलाय."

"कामून? हलकी हाय का?"

"पोराकडच्यांना भारीतली दिली असंल. भाच्याला दिसलं ते."

एवढ्यावर सगळं फिसकटलं. मामाचा चेहरा काळा पडला. त्यानं टोपी ताटात ठेवली, टॉवेलाची घडी घातली आणि पुढचं नाव पुकारलं. रविकांत माघारी येऊन बसला. शेजारी बसलेले त्याचे वडील खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत होते. जेवताना त्याच्या पंगतीत वाढप्यानं जिलेबी दोनदा फिरवली, आणि दोन्ही वेळा ती त्याला चुकवून पुढं गेली. वाढपी मामाचाच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी दत्तराव मामाच्या दारात जाऊन आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "पोरगं शिकायलंय, चुकतंय, असं सांगून आलाव. तेनं ऐकून घेतलं. बोलला कायच न्हाई." चार दिवसांनी ते आणि झुंबरबाई तोडीला गेले. जाताना माय म्हणाली, "मामाशी बोल रं बाबा. माझं माहेर हाय ते."

रविकांत बोलला नाही. उलट परभणीला गेल्यावर आपण रूढीविरुद्ध उभे राहिलो असं त्याला वाटायला लागलं. ही गोष्ट त्यानं मित्रांना सांगितली, तेव्हा अडकलेलं वाक्य त्यानं पूर्ण करून सांगितलं आणि जिलेबी गाळली.

पुढच्या सत्राला प्रकल्प होता. आपल्या भागातली एखादी सांस्कृतिक गोष्ट घ्यायची आणि शिकलेला सिद्धांत तिला लावून बघायचा. रविकांतनं फ्लेक्सचे बॅनर घेतले. सोनपेठच्या फाट्यावर, बाजारात, शाळेच्या भिंतीला बॅनर बारमाही असतात. वाढदिवस, निवड, दहावा, नोकरी, कशाचाही बॅनर. आणि त्याचा शाळेतला दोस्त प्रीतम सोनपेठच्या एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर हेच काम करायचा. म्हणजे हातपाय न हलवता माहिती. सोपी वाट काही सुटत नव्हती.

प्रीतमच्या शेजारी स्टूल टाकून बसल्यावर मात्र रविकांतला खरोखर मजा यायला लागली. प्रीतमकडं कॉम्प्युटरमध्ये एक फोल्डर होता, त्याचं नाव 'धड'. त्यात बिनडोक्याची माणसं होती. कोट घातलेलं धड, नेहरू शर्ट घातलेलं धड, हात जोडलेलं धड, मोबाइल कानाला धरलेला हात असलेलं धड. गिऱ्हाइकाचा फोटो मोबाइलवर आला की प्रीतम त्याचं डोकं कापायचा आणि त्याला शोभेल अशा धडावर बसवायचा. जन्मात कोट न घातलेली माणसं फाट्यावर कोटात उभी राहायची. सगळ्यात वर बारीक गोलांत मोठे पुढारी, मध्ये ज्याचं कौतुक त्याचा पुरुषभर फोटो, मागं उगवता सूर्य नाहीतर वाघ, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. शुभेच्छुकांत कोण डावीकडं, कोण उजवीकडं, कुणाचा गोल किती मोठा, यावरून दुकानात भांडणं व्हायची.

रविकांतनं हे सगळं भराभर लिहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं. शीर्षकच एवढं लांब, की फळ्यावर लिहिताना दोन ओळी लागल्या: 'सोनपेठ परिसरातील फ्लेक्स-फलकांमधील दृश्य-सत्ताकारण आणि वर्चस्वाची संहिता : एक चिकित्सक आकलन'. ग्रामीण माणसाला आपली प्रतिमा हीच आपली किंमत वाटायला लावणारं एक वर्चस्व असतं आणि तो भाबडेपणानं त्याला बळी पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. 'भाबडेपणा' हा शब्द त्यानं पुष्कळदा वापरला होता.

सरांनी शांतपणे ऐकलं. "निरीक्षणं चांगली आहेत," ते म्हणाले. "पण यात तू कुठं आहेस?"

"मी अभ्यासक आहे, सर. मी बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे कुठं? परभणीत?"

वर्ग हसला. रविकांतही हसला, पण त्याला प्रश्न कळला नव्हता. सरांना माझी भाषा जरा जड गेली असेल, असं त्याला एसटीत बसल्यावर वाटलं. हो, हे त्याला खरंच वाटलं होतं.

डिसेंबरात गावच्या सोसायटीची निवडणूक झाली आणि बन्सीधर मामा बिनविरोध चेअरमन झाला. दोन दिवसांनी रविकांत दुकानात गेला, तर प्रीतमच्या पडद्यावर मामाच होता. काळा चष्मा, पांढरा नेहरू शर्ट, मागं वाघ. खाली लाल अक्षरात 'शुभेच्छुक : समस्त भाचे मंडळी'. आणि भाच्यांचे गोल ओळीनं मांडलेले.

रविकांत पुढं सरकला. थोरल्या मावशीची दोन पोरं होती. धाकट्या मावशीचा योगीराज होता, ज्यानं बारावी तीनदा दिली. चुलत मावशीकडचे होते. पाळण्यातून नुकतंच उतरलेलं एक बारकं पोरगं होतं, त्यालाही प्रीतमनं कोट घातला होता.

"आन मी?" रविकांतनं विचारलं.

"तुझा फोटू न्हाई आला," प्रीतम पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"इसरले असतील."

"इसरले न्हाईत. मी फोन केलता. रविकांतचा कुठाय म्हणलं, तर म्हणाले, तेला नसतंय असलं आवडत."

रविकांत म्हणाला, "बरोबरच हाय की." मग म्हणाला, "नाहीतरी हे सगळं..." आणि पुढचा शब्द त्याला आठवेना. एवढे पाठ केलेले शब्द, पण ऐन वेळेला एकही आला नाही. त्याच्या डोळ्यांपुढं फाटा उभा राहिला. तिथं एसटी थांबणार, उतरणारा प्रत्येक माणूस बॅनर बघणार आणि म्हणणार, झुंबरबाईचं पोरगं ह्यात न्हाई. आणि योगीराज! योगीराजचा गोल चांगला ताटलीएवढा होता.

त्यानं चहा मागवला, प्यायला, आणि बाहेर जाऊन प्रीतमच्या गाडीला किक मारली.

मामाच्या घरी तो अभ्यासक म्हणून गेला. निदान स्वतःला तसंच सांगत गेला. ओसरीवर बसल्यावर त्यानं खिशातून पेन काढलं आणि फलक-संस्कृतीविषयी एक छोटी मुलाखत पाहिजे असं म्हटलं. मामा सुपारी कातरत होता.

"इचार," तो म्हणाला.

"फलकावर कोणाचा फोटो घ्यायचा, हे कसं ठरतं?"

"जो आपला हाय, तेचा घ्यायचा."

"आणि आपला कोण, हे कसं ठरतं?"

मामानं अडकित्ता खाली ठेवला. "रविकांत, तुला चारचौघांत टोपी नगं व्हती. मग आता फोटू कामून पायजे?"

रविकांतनं पेन खिशात ठेवलं. मग त्याचं त्यालाच कळायच्या आत तो म्हणाला, "मामा, चुकलं माझं. मला ते वाक्यच पुरं येत नव्हतं."

मामा असा हसला की आतून मामी धावत आली. "मला वाटलं, मलाच समजंना!" मामा म्हणाला. "म्या चार माणसांला इचारलं, काय म्हणला रं आपला भाचा? एकालाबी सांगता येईना. आन तुलाबी येत नव्हतं व्हय?" त्यानं मामीला आतून टोपी आणि टॉवेल आणायला सांगितलं. रविकांतनं मुकाट्यानं मान पुढं केली. टोपी कपाळावर घट्ट बसली. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी तो परत प्रीतमच्या स्टुलावर होता. मामानं फोटो पाठवला होता, आणि प्रीतम रविकांतचं डोकं धडावर बसवत होता.

"हातात पुस्तक असलेलं धड न्हाई का?" रविकांतनं विचारलं.

"पुस्तक कोण मागतंय? फाइल असलेलं हाय."

"बरं, फाइल. गोल जरा मोठा कर."

"सगळ्यांचे सारखे हायत."

"योगीराजचा मोठा हाय."

"योगीराजनं निम्मा खर्च दिलाय."

"एक बोटभर तरी. आन नावापुढं 'प्रा.' लाव."

प्रीतमचा माउसवरचा हात थांबला. तो खुर्चीसकट वळला आणि रविकांतकडं बघत राहिला. "तूच न्हाई का म्हणत व्हतास," तो म्हणाला, "की ही सगळी माणसं भाबडी हायत म्हणून?"

शेवटी 'प्रा.'वर तडजोड झाली. नावाखाली कंसात 'उच्चशिक्षित' लावायचं ठरलं, आणि प्रीतमनं ते 'उच्चशीक्षीत' असं लावलं. चूक दिसेस्तोवर बॅनर फाट्यावर चढला होता. मराठीच्या एम.ए.चा तो विद्यार्थी पंधरा दिवस त्या दोन दीर्घ वेलांट्यांखालून एसटीत चढत आणि उतरत राहिला. गंमत म्हणजे कुणाच्याही लक्षात आलं नाही. तो मात्र फाटा आला की खिडकीतून वाकून बघायचा, वेलांट्यांसाठी नव्हे, गोल दिसतो का ते बघायला.

जानेवारीत वडिलांचा कारखान्यावरून फोन आला. कोपीच्या छपरातून दव गळायलंय, वर टाकायला काहीतरी घेऊन ये. ऊसतोडीवाल्यांची कोपी म्हणजे बांबूचा सांगाडा आणि वर पाचट. जुने बॅनर त्यावर टाकायला फार चांगले, पाणी धरत नाहीत. प्रीतमनं दुकानातला उतरवलेल्या बॅनरचा एक गठ्ठा बांधून दिला आणि रविकांत तो घेऊन निघाला.

दुपारी पोचला. ट्रक आला नव्हता म्हणून आईवडील फडातून लवकर परतले होते. दत्तरावांनी गठ्ठा सोडला. दोन वाढदिवस निघाले, एक दहावा निघाला, आणि चौथा उलगडला तर मामा. वाघासकट.

"आरं, हा तर आपला बन्सी!" झुंबरबाई म्हणाली. "आन हे बघा, रविकांत. कोट कुणाचा रं?"

"प्रीतमकडचा हाय, माय."

"चांगला दिसायलाय. घेऊन टाक."

रंगाची बाजू वर ठेवली की उन्हानं चिरते, म्हणून वडिलांनी वरचं कुजलेलं पाचट काढून, पांढरी बाजू वर करून तो थेट बांबूवर बांधला. रविकांत प्रवासानं दमला होता. तो कोपीत आडवा झाला, तर बरोबर डोक्यावर भाचे मंडळी. उठायचा कंटाळा आला होता, म्हणून तो एकेक गोल बघत पडला. थोरल्या मावशीचे दोघं. योगीराज. कोटातलं बारकं पोरगं. तो स्वतः, फाइल धरून. बाहेर माय चुलीपुढं भाकरी थापत होती, तिचा आवाज येत होता. आणि असंच, काही न करता बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की आपण सगळे भाचे ज्यांच्यामुळं भाचे झालो, त्या मामाच्या बहिणी ह्यात कुठंच नाहीत. माय नाही. मावश्या नाहीत. मामी नाही, राणी नाही. आख्ख्या बॅनरवर एक बाई नाही.

तो उठून बसला. आपण बोटभर गोलासाठी भांडत होतो तेव्हा हे आपल्याला दिसलं कसं नाही? तेव्हा ते अगदी... आणि पहिल्या तासाला रेघ ओढलेला तो शब्द त्याला उच्चारवेना. साखरपुड्यातला आहेर आठवला. तिथं माइकवर एवढी नावं पुकारली गेली, पण नवरीच्या सख्ख्या आत्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. ती आत पोळ्या लाटत होती. त्यानं टोपी नाकारून केवढं भाषण ठोकलं, आणि त्यात ही गोष्ट नव्हती. खरं तर तिथं बोलण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

"माय," तो बाहेर येऊन म्हणाला, "तू बॅनरवर न्हाईस."

"मी कशाला असू?"

"सोसायटीत तुझा भाऊ निवडून आला. भाच्यांचे फोटू हायत. मग बहिणींचे कामून न्हाईत?"

झुंबरबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "ते काय इचारायचं असतंय व्हय?" ती म्हणाली. "तू हेच शिकायलास का तिकडं?"

"व्हय. जे इचारायचं नसतंय ते इचारायचं. म्हणजे फाट्यावर आपल्याला कोण दिसतंय, कोण दिसत न्हाई, आन तसं का ठरलं, हे बघायचं."

हे बोलल्यावर तो जरा दचकलाच. आख्खं वाक्य क्रियापदापर्यंत पोचलं होतं आणि त्यात एकही पाठ केलेला शब्द नव्हता.

"आसं व्हय," माय म्हणाली. "पास हुतूस ना पर?"

तिथून परतल्यावर रविकांतनं जुना प्रकल्प बाजूला ठेवला. तो परत प्रीतमच्या दुकानात जाऊन बसला आणि वर्षभरातले सगळे बॅनर पडद्यावर एकेक करून बघितले. बायका अगदीच नव्हत्या असं नाही. सरपंच बाई होत्या, पण त्यांच्या शेजारी त्यांच्यापेक्षा मोठा त्यांचा नवरा होता. नवऱ्या होत्या, देवी होत्या, वारलेल्या आज्या होत्या. मग त्यानं प्रीतमला 'धड' फोल्डर उघडायला लावला.

"ह्यात बाईचं धड कुठंय?"

प्रीतमनं वर-खाली शोधलं. "एक नवरीचं हाय," तो म्हणाला. "दुसरं... आरं, न्हाईच की. कुणी मागितलंच न्हाई कधी."

नव्या प्रकल्पात रविकांतनं हे लिहिलं. मामा, टोपी, योगीराजचा ताटलीएवढा गोल, आपण मागितलेला बोटभर, 'प्रा.'ची तडजोड, दोन दीर्घ वेलांट्या, सगळं लिहिलं. लिहिताना त्याचं त्यालाच हसू यायचं, आणि मध्येच हसू थांबायचं. 'भाबडेपणा' हा शब्द त्यानं एकदाच वापरला, स्वतःसाठी. वर्चस्व हा शब्द मात्र ठेवला, कारण आता तो कुठं बसतो ते त्याला माहीत होतं. कुणीही नको म्हटलेलं नाही, कुणी अडवलेलं नाही, तरी झुंबरबाई बॅनरवर नाही आणि तिलाही ते वावगं वाटत नाही, या गोष्टीला दुसरा नेमका शब्द त्याला सापडला नाही.

सोनकांबळे सरांनी वाचून कागद परत दिले. "सापडलास म्हणायचं," एवढंच बोलले. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांना मात्र हे फारसं पटलं नाही. "तुम्ही स्वतःच फलकावर आहात, मग संशोधन तटस्थ कसं?" त्यांनी विचारलं.

"तटस्थ नाही, सर," रविकांत म्हणाला. "तटस्थ होतो तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं."

बाहेरच्या सरांनी मार्क बेताचे दिले. रविकांत वर्गात सहावा आला.

सध्या तो सेलूच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. आता नावापुढं 'प्रा.' लावायला हरकत नाही, पण प्रीतमनं दोनदा विचारूनही त्यानं अजून लावू दिलेलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर आपण हो म्हणू अशी त्याला भीती आहे. राणीचं लग्न झालं. मामाशी त्याचं गूळपीठ आहे. इतकं, की सोसायटीच्या प्रत्येक बॅनरचा मजकूर आता रविकांतच लिहून देतो. 'कर्तव्यदक्ष' आणि 'गोरगरिबांचे कैवारी' हे शब्द त्याच्याच हातचे आहेत. वर्गात वर्चस्व शिकवायचं आणि शनिवारी मामासाठी कैवारी लिहायचं, यातली गंमत त्याला कळते. सांगताना तोच आधी हसतो, म्हणजे दुसऱ्याला हसायची पाळी येत नाही.

मागच्या महिन्यात मामाचा एकसष्टीचा बॅनर निघाला, तेव्हा रविकांतनं मजकूर लिहून देण्याआधी एक अट घातली. मामींचा फोटो मामाच्या बरोबरीनं पाहिजे, आणि खाली भाच्यांच्या आधी बहिणी.

"लोक हसतील रं," मामा म्हणाला.

"हसू द्या की. मला हसले व्हते, मेलाव का मी?"

मामानं सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाला, "मला काय न्हाई. तिला इचारून सांगतो."

संध्याकाळी फोन आला. मामी म्हणे तयार आहेत, पण मतदान कार्डावरचा फोटो अजिबात चालणार नाही. सोनपेठला स्टुडिओत जाऊन नवा काढायचा, जरीच्या लुगड्यात, आणि फोटो काढताना डोळे मिटत नाहीत ना हे बघायला कुणीतरी शिकलेलं माणूस सोबत पाहिजे. झुंबरबाई आणि दोन्ही मावश्यांना हे कळलं, तेव्हा त्याही निघाल्या. रविवारी सकाळी रविकांतनं एक जीप ठरवली. सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून चार बायकांच्या पदराच्या घड्या आणि नथा सांभाळत तो पुढच्या सीटवर बसला, आणि मागून फाट्याच्या आधीच भांडण सुरू झालं, की बॅनरवर कुणाचा गोल मोठा राहणार.